पत्ता बदलायचा न्हाय

ही गोष्ट सांगायला मी आजवर अनेकदा बसलो आणि दर वेळी दुसऱ्याच गोष्टीवर नेऊन संपवली. कधी निपाणीच्या तंबाखूबद्दल बोलत राहिलो, कधी बोर्डिंगातल्या पातळ आमटीबद्दल, कधी त्या काळच्या सिनेमांबद्दल. ऐकणारे हसले. "सर, हे लिहा हो तुम्ही," म्हणाले. मी लिहिलंही, पण जे लिहायचं तेवढं गाळून. आता पंच्याहत्तरी मागे पडली आहे आणि टाळायला पुढे फारशी जागा राहिलेली नाही.

माघ आला आहे. बेळगावात तो हवेवरून नीट कळत नाही. मला तो निपाणीकडून येणाऱ्या माणसांच्या कपड्यांवरून कळतो. परवा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. खुर्चीत टेकला आणि त्याच्या शर्टातून तो वास आला : उन्हात वाळलेल्या, दवात मऊ पडलेल्या आणि मग कुटलेल्या तंबाखूचा. मला शिंक आली, डोळे भरले.

तो म्हणाला, "सर, अजून सवय न्हाय व्हय?"

"होती," मी म्हणालो. "मोडली."

मोडली म्हणजे मीच मोडली. निपाणी सोडून बेळगावच्या शाळेत आलो, ते माघात पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

हंगामात तंबाखू गावाच्या अंगावर चढते. वखारींच्या दारांतून पिवळसर धूळ रस्त्यावर येते. तोंडाला फडकी बांधलेल्या बायका चाळण्या हलवत असतात. भाकरीला तिचा वास, पाण्याला तिचा वास. देवळातला पुजारी आरतीच्या मध्येच शिंकतो आणि कुणी हसत नाही, कारण सगळेच शिंकत असतात. सगळ्यांचे डोळे लाल, सगळ्यांची नाकं वाहणारी. निपाणीत माघात कोण रडतंय ते ओळखू येत नाही. मी तिथे नवा मास्तर होतो तेव्हा मला ही गंमत वाटायची. पुढे ती माझ्या फार सोयीची झाली.

बांगलादेशाची लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि एका बोर्डिंगात राहत होतो. तंबाखूच्या एका जैन व्यापाऱ्याने, सगळे त्यांना अण्णा म्हणत, आपल्या वखारीला लागून खोल्या बांधल्या होत्या आणि घरी कोणी नसलेली मुलं तिथे ठेवून घेतली होती. मुली अण्णांच्या घरामागच्या सोप्यात राहायच्या, मुलगे वखारीच्या कडेला. निम्मी पोरं घरची कानडी, निम्मी मराठी. भांडताना मात्र सगळी दोन्ही भाषा वापरायची.

त्यांत बेळगावजवळच्या बेळगुंदीची दोन भावंडं होती. सुशीला थोरली, वेणी घट्ट घालणारी, फार न बोलणारी. मल्लू धाकटा, सतत बोलणारा. आई आधीच गेलेली. बाप पलटणीत. सुट्टीवर आला तेव्हा पोरांना अण्णांच्या हवाली करून परत गेला, तो थेट लढाईवर. लढाई जिंकल्याचे पेढे वाटून झाले, आणि मग गावोगाव एकेक निरोप यायला लागले. त्या दोघांच्या बापाचा निरोप आला तो असा : बेपत्ता.

मल्लू माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी वह्या तपासत होतो.

"सर, बेपत्ता म्हंजे वो?"

"म्हणजे ज्याचा पत्ता लागत नाही असा."

"पत्ता हरवलाय व्हय आप्पाचा?"

"हं. तसंच समज."

"मग कुणीतरी द्याय पायजे की त्याला."

"हो, द्यायला पाहिजे," मी वहीवरची नजर न काढता म्हणालो.

त्या संभाषणात माझं अर्धंच लक्ष होतं. इतकी वर्षं मी शब्दांचे अर्थ मुलांना सांगत आलो. त्या शब्दाचा अर्थ सांगताना मात्र मी दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीवर लाल शाईने गोल काढत होतो.

सिनेमा आला तो अपघाताने. बेळगावात काही मंडळी परदेशी सिनेमे मागवून दाखवत. तिथली रिळं कोल्हापूरला परत चालली होती, आणि रिळांबरोबर मशीन घेऊन बाबूराव नावाचा ऑपरेटर होता. माझी त्याची ओळख होती. मीच त्याला गळ घातली की वाटेत निपाणी लागतेच, आमच्या पोरांना एवढा दाखव. हंगेरी देशातला सिनेमा, लढाईनंतरच्या अनाथ पोरांचा. मला वाटलं, आमच्या पोरांना आपलं काहीतरी बघितल्यासारखं होईल. त्यात वाईट काही नव्हतं. आजही मला तसंच वाटतं.

आदल्या दिवशी वर्गात मी नकाशावर हंगेरी दाखवला. चिकोडीकडचा एक कानडी मुलगा होता, पायगोंडा. त्याने लगेच हात वर केला. "सर, हंग्री म्हंजे उपाशी न्हव? तुम्हीच शिकवलंय."

"हा देश आहे रे, हंगेरी."

"मग उपाशी लोकांचा देश असंल," तो म्हणाला, आणि वर्ग हसला.

रविवारची दुपार. वखारीला खिडक्या नव्हत्या. दारांवर गोणपाटं सोडली की भरदुपारी अंधार. तंबाखूच्या पोत्यांच्या थप्प्यांवर पोरं चढून बसली. पांढरं धोतर ताणून पडदा केला. सिनेमातली माणसं हंगेरियन बोलत होती, खाली इंग्रजी ओळी उमटत होत्या, आणि मी पडद्याच्या कडेला उभा राहून त्या मराठीत ओरडून सांगत होतो. सांगताना मी रंगत गेलो. पाव आला की मी भाकरी म्हणायचो. पोरं शेतातून बटाटे चोरून राखेत भाजायची, मी त्यांची रताळी केली. बेळगुंदी रताळ्यांचं गाव. मल्लू पुढच्या पोत्यावरून ओरडला, "आमच्यावानीच की!" कुत्री मागे लागली तेव्हा सगळी वखार त्या पोरांच्या बाजूने किंचाळली. आणि स्टेशन आलं तेव्हा मी म्हणालो, "हे बघा, आपल्या लोंढ्यासारखं जंक्शन."

पडद्यावरची पोरं एका जळक्या वीटभट्टीत राहत होती. त्यांतला सगळ्यांत लहान रोज स्टेशनावर जाऊन बसायचा. बाप लढाईवरून येईल म्हणून. एक थोरली मुलगी त्याला ओढून परत आणायची. तो येणार नाही म्हणून सांगायची. हे मी मराठीत सांगितलं तेव्हा सुशीलाने मान खाली घातली, असं मला आठवतं. किंवा नंतर आठवायला लागलं.

शेवटाकडे एक गाडी येते. वाफ पांगते. डब्यातून एक सैनिक उतरतो. मळका लांब कोट, पायाला गुंडाळलेली फडकी. लहानगा उठून उभा राहतो. खाली ओळ उमटायच्या आतच मी ओरडलो, "आला! आप्पा आला!"

मला खरंच तसं वाटलं होतं. तो क्षण मी स्वतःला माफ करतो.

पायगोंडाने पोत्यावर उडी मारली. "अप्पा बंद! अप्पा बंद!" सगळी कानडी पोरं उठली, मागोमाग मराठी पोरंही. "बंद! बंद! बंद!"

कानडीत 'बंद' म्हणजे आला. शेवटचा अ पुरता उच्चारायचा असतो. मराठी कानाला तो ऐकू येत नाही, आणि मग तोच शब्द दार लावून घेतो. बाबूराव कोल्हापूरचा, त्याला कानडीचा गंध नव्हता. तंबाखूची वखार, गरम मशीन, आणि पोरं एकजात ओरडतायत 'बंद'. त्याने खटका ओढला. पडदा पुन्हा धोतर झाला.

"काय झालं? कुठं पेटलं काय?" त्याने अंधारातून विचारलं.

मी हसत त्याला अर्थ सांगितला. तोही कपाळाला हात लावून हसला. "च्यायला तुमच्या भाषेच्या! थांबा, लावतो म्होरचं. थोडकंच ऱ्हायलंय."

पण दिवा विझण्याआधी मी खालची ओळ वाचली होती. सैनिक त्या पोराला विचारत होता, पाणी कुठं मिळेल, बाळ? तो बाप नव्हता.

मी मल्लूकडे पाहिलं. गोणपाटाच्या फटीतून आलेल्या उजेडात तो उभा होता. नाकाडोळ्यांतून पाणी, पण तंबाखूच्या वखारीत त्याचा काय अर्थ लावायचा? तोंडभर हसत होता. पोरं टाळ्या वाजवत होती आणि त्या टाळ्या मलाही होत्या.

"नको," मी बाबूरावला म्हणालो. "संपल्यातच जमा आहे."

पोरं जेवायला पळाली. बाबूरावने राहिलेलं रीळ लावलं आणि रिकाम्या वखारीत आम्ही दोघांनी ते पाहिलं. सैनिक पाणी पिऊन निघून जातो. गाडी जाते. मुलगी येते. रागावत नाही. शेजारी बसते, कोटाच्या खिशातून एक भाजका बटाटा काढते, मोडून अर्धा त्याला देते. मग दोघं भट्टीकडे चालू लागतात. तिथे बाकीची पोरं पडक्या भिंतीवर छप्पर घालत असतात. लहानगा वाकून एक वीट उचलतो आणि रांगेत उभा राहतो. बस, एवढंच.

"सर, ह्यो बाप न्हवता की," बाबूराव म्हणाला.

"नव्हता."

"मग पोरास्नी?"

"सांगतो उद्या."

"सांगा हां," रीळ डब्यात ठेवता ठेवता तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात क्रियापदं शिकवली.

त्यानंतरचा तो हंगाम मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. वखारीतून येणारा कुटण्याचा आवाज. अंगणात पोरांनी काढलेला नवा खेळ : एक जण इंजिन, चार जण डबे, एक जण आप्पा. आप्पा उतरला की सगळ्यांनी ओरडायचं, 'बंद!' पायगोंडा नेहमी इंजिन व्हायचा. मल्लू कधी गाडीत नसायचा. तो फलाटावर हात पसरून उभा राहायचा. म्हणायचा, मी स्टेशनची पाटी हाय. रोज सकाळी मी ठरवायचो, आज सांगू. रोज वाटायचं, काय घाई आहे, पोर हसतंय तर हसू दे. दया आणि भित्रेपणा यांचे चेहरे फार सारखे असतात. मी तेव्हा जे करत होतो त्याला दया म्हणत होतो.

एकदा संध्याकाळी रांजणापाशी दोघं भांडताना दिसली. सुशीला म्हणत होती, "आप्पा येणार न्हाय रं आता. गप अभ्यास कर."

"सरांनी सांगितलंय की! सिनेमात आला न्हव?"

"सिनेमातला आला. आपला येणार न्हाय."

"तुला काय कळतंय? सर खोटं बोलतात व्हय?"

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायला आलो होतो. ती थांबली होती. एक शब्द माझ्या तोंडून यायची वाट बघत होती. मी तांब्या बुडवला, पाणी प्यालो, आणि खोलीत गेलो.

नंतरच्या एका सकाळी मल्लूचं अंथरूण रिकामं होतं.

बेळगावच्या मोटारीत बसताना कंडक्टरने त्याला पाहिलं होतं. मामाकडं चाललोय म्हणाला, असं त्याने सांगितलं. बेळगावात त्या दोघांचा एक मामा होता, पण त्याच्याकडे तो पोचलाच नाही. सुशीला एवढंच म्हणाली, "लोंढ्याला गेला असंल." का, ते मामाला कळेना. मला कळलं.

मामा, सुशीला आणि मी, आम्ही तिघं लोंढ्याला गेलो. जंगलातलं स्टेशन, कोळशाचा धूर, झाडांवरून ठिबकणारं दव. चहावाल्याला सगळं आठवत होतं.

"व्हय, आलतं की एक पोरगं. मिलिटरीवाला कुणी उतरला की पळत जाऊन त्याच्या म्होरं हुबं ऱ्हायचं. 'आमचा पत्ता पायजे काय?' म्हणायचं. मानसं हसायची. एकानं बिस्कुटं दिली त्याला."

"पत्ता नीट सांगत होता का?" सुशीलाने विचारलं.

"तोंडपाठ की वो. बेळगुंदी, मारुतीच्या देवळामागं, चिंचंखालचं घर. मला बी पाठ झालाय."

"मग कुठं गेला?"

चहावाल्याने रुळांकडे हात केला. "गाडीत चढलं असंल एखाद्या. हितनं गोव्याला गाडी जाती, हुबळीला जाती, मिरजंला बी. कुठल्या म्हणून सांगू?"

मामाने चौकीत कळवलं. मी हुबळी-मिरजेला जाऊन आलो. दिवस गेले, महिने गेले. निपाणीतला हंगाम संपला, वखारी धुतल्या गेल्या, हवा स्वच्छ झाली. आणि मल्लूच्या नावापुढेही तोच शब्द लागला, ज्याचा अर्थ मी त्याला चुकीचा सांगितला होता.

सुशीला गावी परतली आणि बापाच्या घरात राहिली. लोक काय म्हणत, ते तिच्या मामाकडून माझ्या कानावर यायचं. थोरली असून धाकट्याला सांभाळता आलं नाही. काहीतरी टाकून बोलली असेल, म्हणून गेलं पोरगं. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही. लग्नाची वेळ आली तेव्हा तिने एकच अट घातली : "लग्न करीन, पण पत्ता बदलायचा न्हाय." गावाने चेष्टा केली. शेवटी हलशीकडचा एक गरीब, शांत माणूस तिच्या घरी येऊन राहिला. घरजावई म्हणून आयुष्यभर टोमणे खाल्ले, कधी तक्रार केली नाही. आता तोही नाही.

मी बेळगावात नोकरी केली, घर केलं, बढती घेतली. वर्षातून एकदा, कधी दोनदा, बेळगुंदीला जाऊन यायचो. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो. आणि ती दर वेळी मला पाटावर बसवायची.

गेल्या महिन्यात नातवाने मला तो सिनेमा दाखवला. मी त्याच्यापाशी कधीतरी पोरांचं, भट्टीचं, स्टेशनाचं वर्णन केलं होतं. त्याने कुठून तरी तो शोधून काढला आणि टीव्हीवर लावला. इतक्या वर्षांत माझ्या मनात एक वेडी आशा तयार झाली होती. कोण जाणे, माझंच चुकलं असेल. कदाचित तो बापच असेल. वखारीत डोळ्यांत तंबाखू गेली होती, ओळ नीट वाचली नसेल. मी पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, टीव्हीपुढे सरकून बसलो. गाडी आली. वाफ पांगली. सैनिक उतरला. त्याने पाणी मागितलं.

मग ती मुलगी आली, तिने बटाटा मोडला, आणि मला पहिल्यांदाच ते दिसलं. त्या सिनेमाने त्या पोराला अनाथ सोडलेलं नव्हतं. त्याच्या हातात अर्धा बटाटा दिला होता, एक बहीण दिली होती, एक वीट दिली होती. सांगितलं होतं की वाट बघणं पुरे, आता ही माणसं तुझी. मल्लूला जे ऐकायला हवं होतं ते नेमकं त्या शेवटच्या तुकड्यात होतं. मी त्याला एक खोटा बाप दिला आणि त्याची खरी बहीण अंधारात ठेवली.

"आजोबा, संपला," नातू म्हणाला. "बंद करू?"

त्याच आठवड्यात संजय आला. सुशीलाचा मुलगा. बेळगावात कारखान्यात आहे, फ्लॅट घेतलाय. म्हणाला, "सर, गेल्या पावसात मागची भिंत पडली. येत्या पावसात सगळंच बसंल. आई यायला तयार न्हाय. पत्ता, पत्ता करत बसती. तुमचं ऐकंल ती. तुमचं म्हणजे तिला देवाचं."

"मी बोलतो," मी म्हणालो.

परवा गेलो. बेळगुंदीची भातं कापून झाली आहेत. रताळ्यांचे वेल काढून बांधावर टाकलेले, माती उकरलेली. चिंच अजून आहे. घर दोन खोल्यांचंच, कौलारू. मागच्या भिंतीच्या जागी पत्रा ठोकला होता, वारा आला की तो थडथडायचा. सुशीला चुलीपुढे बसली होती. केस पांढरे, वेणी तितकीच घट्ट.

"या सर. बसा. रताळी घातल्यात राखंत."

संजयची मुलगी, आर्या, आजीकडे आलेली, पायरीवर बसून अभ्यास करत होती. तिच्या वहीत कानडी, इंग्रजी आणि थोडं मराठी. मी सुशीलाला भिंतीबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. संजयचं म्हणणं सांगितलं.

ती चिमट्याने राख सारत म्हणाली, "मला काय कळत न्हाय व्हय सर? भिंत दिसती की मला. पण तुम्हीच सांगा. बेळगावचं बेळगावी झालं. फाट्यावरच्या पाट्या कानडीत झाल्या. मल्लूला कानडी बोलाय येतं, वाचाय कुठं येतंय? रस्ता रुंद झाला, मारुतीचं देऊळ नवं बांधलं. वळखीचं काय ऱ्हायलं? चिंच आन मी. आन मी बी उठून फ्लॅटात जाऊ?"

"सुशीला, इतकी वर्षं झाली..."

"सिनेमात आला न्हव?" ती सहज म्हणाली. जसं पंचांगातलं काही सांगावं तसं. मग, माझ्याकडे न बघता : "सर, मी कुणापाशी बोललं न्हाय कधी. तुम्ही त्याला धीर दिलासा. मी तोडून बोललं. येणार न्हाय म्हणलं. रांजणापाशी. तुम्ही ऐकलंय, तुम्हाला ठावं हाय. माझ्या बोलण्यानं गेला तो. म्हणून मी हितं बसलोय असं समजा. आल्यावर निदान त्याला म्हणता यावं, चुकलं बाबा माझं."

पत्रा थडथडला. हीच ती वेळ होती. याहून मोठं दार माझ्यासाठी कुणी उघडलं नसतं. एक वाक्य बोललो असतो तर तिच्या डोक्यावरचं ते ओझं उतरलं असतं. आणि त्याच वाक्याने गाडीतून उतरलेला तो माणूसही नाहीसा झाला असता, ज्याच्या जोरावर ती या चुलीपुढे म्हातारी झाली. एक काढून घेतल्याशिवाय दुसरं देता येत नव्हतं. मी तोंड उघडलं.

"आजी, कुठला सिनेमा?" आर्याने पायरीवरून विचारलं.

"सरांस्नी इचार. सर लई झ्याक सांगतात. सांगा की सर, पोरीला."

आर्या वही मिटून जवळ येऊन बसली. सुशीलाने राखेतून एक रताळं काढलं, हातांनी झटकलं, मोडलं, आणि अर्धं माझ्या हातात ठेवलं. वाफ निघत होती. ते हातात घेतलं आणि मला पुढचं काही दिसेना. तंबाखूची धूळ नव्हती तिथे. चुलीचा धूर होता, तोही पुरला.

मी सांगायला सुरुवात केली. लढाई. भट्टी. राखेतली रताळी. कुत्री मागे लागली तेव्हा आर्या हसली. स्टेशन. वाफ. मळका कोट. तो लहानगा उठून उभा राहिला, इथपर्यंत आलो, आणि थांबलो.

"मग?" आर्या म्हणाली.

सुशीलाही बघत होती. रांजणापाशी थांबली होती तशीच.

"मग," मी म्हणालो, "आप्पा आला."

"अप्पा बंद!" शाळेत कानडी शिकणारी ती पोर टाळी वाजवून ओरडली. सुशीला हसली. संजयला काय सांगायचं ते ठरवत मी फाट्यापर्यंत चालत आलो, नव्या पाटीखाली उभा राहिलो, बस आली तेव्हा चढलो. जे वाक्य घेऊन गेलो होतो ते तसंच परत आणलं. ते मोठं नाही. वाटेत मी ते पुन्हा पुन्हा ओठांत म्हणून पाहिलं. शेजारच्या माणसाने विचारलं, काय म्हणताय? काही नाही म्हणालो. सुशीलाला वाचता येतं. हे लिहिलेलं कुणी तिच्यापुढे ठेवलं तर ठेवू दे, मला आता तेवढंच जमेल. सुशीला, त्या गाडीतून आप्पा उतरला नव्हता. रांजणापाशी खरं तूच बोलली होतीस. चुकलं माझं.